टाकीखालची ओल: गळती शोधण्याच्या आणि रोखण्याच्या नोंदी

४ जानेवारी

फिशटँकच्या स्टँडमागे झाडू फिरवताना बोटांना ओल लागली. डाव्या मागच्या कोपऱ्याखाली, प्लायवुडच्या कडेवर. तळहाताएवढा काळपट डाग, मधोमध प्लायचा वरचा थर किंचित फुगलेला. म्हणजे हे आजचे नाही, निदान काही आठवड्यांचे असावे.

टाकीची मापे एकदा लिहून ठेवते, पुढे सारखी लागतील. बाहेरून ९० × ४५ × ४५ सेंमी, काच ८ मिमी, वरून उघडी, चौकट नाही. आतले माप ८८.४ × ४३.४ सेंमी. पाणी ४२ सेंमी उंचीपर्यंत. काचेचेच वजन ३२ किलोच्या आसपास येते. पाणी आणि वाळू धरून सगळे मिळून दोनशे किलोच्या वर. समोरच्या एकट्या काचेवर पाण्याचा एकूण रेटा सुमारे ७८ किलो वजनाएवढा होतो. तळाशी प्रत्येक चौरस सेंमीवर ४२ ग्रॅम. हा आकडा फक्त खोलीवर ठरतो, टाकी लांबीला किती आहे यावर नाही. म्हणूनच उंच टाक्यांचे सांधे आधी थकतात.

आत चौदा निऑन टेट्रा आणि पाच कोरीडोरास आहेत. त्यांना धक्का न लागता हे निस्तरायचे आहे. म्हणून आज काहीही उपसायचे नाही, कुठेही सिलिकॉन थापायचे नाही. आधी शोधायचे.

५ जानेवारी

संशयितांची यादी केली. टाकीखाली ओल दिसली की सगळे सांध्याकडे बोट दाखवतात, पण पाणी बाहेर यायच्या वाटा पुष्कळ असतात. एअर स्टोनचे बुडबुडे फुटून उडणारे तुषार. काचेच्या बाहेरच्या अंगाला दमट हवेत धरणारे दव. टाकीच्या कडेवरून बाहेर लोंबणारे झाडाचे पान किंवा फिल्टरच्या लोकरीचा धागा, जो वातीसारखे पाणी ओढून थेंब थेंब बाहेर सोडत राहतो. एअर पंपाची नळी. हीटरच्या वायरीवरून ओघळणारे पाणी. कॅनिस्टर फिल्टरचे (टाकीबाहेर ठेवलेला, होज म्हणजे नळ्यांनी टाकीला जोडलेला बंद डबा) झाकण, त्याचे व्हॉल्व्ह, होजचे क्लॅम्प. आणि शेवटी सांधे.

सगळे कोरडे पुसले. मग टिशू पेपरच्या पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक पट्टीवर धुऊन जाणाऱ्या शाईच्या स्केच पेनने एक सरळ रेघ ओढली. पट्टी ओली झाली की शाई पसरते आणि पट्टी पुन्हा वाळली तरी पसरलेली रेघ तशीच राहते. रात्री तीन वाजता पडलेला थेंब सकाळी साताला वाचता येतो. टाकीच्या तळकडेला सभोवती बारा पट्ट्या, फिल्टरखाली चार, प्रत्येकीवर नंबर. डावा मागचा कोपरा म्हणजे पट्टी क्रमांक ७.

सगळ्या वायरी तपासल्या. हीटरची वायर थेट वरून खाली सॉकेटमध्ये उतरत होती. पाणी ओघळले असते तर सरळ प्लगमध्ये गेले असते. सॉकेटच्या पातळीखाली झोळ राहील अशी बांधून घेतली. आता थेंब झोळाच्या तळाशी पडेल. हे पहिल्या दिवसापासून करायला हवे होते. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) आहे, त्याचे टेस्ट बटण दाबून पाहिले, चालतो.

६ जानेवारी, संध्याकाळ

पट्टी ७ ची रेघ पसरली आहे. फिल्टरखालच्या चारपैकी दोन पट्ट्यांचीही. म्हणजे दोन ठिकाणी ओल, पण उगम एक की दोन हे यावरून कळत नाही. पाणी जिथे दिसते तिथूनच निघाले असेल असे नाही. काचेच्या तळाखाली थर्माकोल आहे आणि त्यात पाणी वाटेल तसे हिंडते.

आता पाणी किती जाते ते मोजायचे. पातळी दोन मिमीने उतरली तर ते बाष्पीभवन की गळती? टाकीचे आतले क्षेत्रफळ ३,८३७ चौरस सेंमी, म्हणजे पातळी १ मिमी उतरली की ३८४ मिली पाणी गेले. दुसऱ्या बाजूने पाहू: थेंब साधारण ०.०५ मिलीचा. दर दहा सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला ४३२ मिली, म्हणजे जेमतेम १.१ मिमी. उघडी टाकी त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी रोज नुसती हवेला देते. दहा सेकंदाला एक थेंब ही चांगली मोठी गळती झाली, आणि तीही नुसत्या डोळ्यांना बाष्पीभवनात हरवून जाते.

यावर उपाय वेधशाळेतल्या बाष्पीभवन-पात्रासारखा. सरळ उभ्या भिंतींचे एक काचेचे भांडे घेतले, टाकीच्याच पाण्याने भरले आणि टाकीतच अर्धे बुडेल असे कडेला अडकवले. दोन्हीकडे पाणी तेच, तापमान तेच (२६ अंश), हवा तीच. भांड्याला गळती नाही, त्यामुळे त्यातले पाणी उतरेल ते फक्त हवेत. टाकी जितकी जास्त उतरेल तितकी गळती. दोन्हीवर मिमीची पट्टी चिकटवली. ४८ तास पाणी भरायचे नाही, झाकायचे नाही.

८ जानेवारी, संध्याकाळ

टाकी ९ मिमी उतरली. भांडे ६ मिमी.

फरक ३ मिमी, म्हणजे ४८ तासांत सुमारे १,१५० मिली. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त पाणी कुठेतरी जात होते आणि मला दिसला तो तळहाताएवढा डाग. बाकीचे प्लायने प्यायले आणि खोलीने सुकवले. गेला महिनाभर मी दर रविवारी पाणी भरून पातळी पूर्ववत करत होते आणि बादल्या मोजत नव्हते. मोजल्या असत्या तर डागाच्या खूप आधी कळले असते. आजपासून वहीत एक रकाना: टाकलेले पाणी, लिटरमध्ये.

९ जानेवारी

कॅनिस्टर फिल्टर उघडला. झाकणाची ओ-रिंग एका बाजूने चपटी झालेली, आणि खाचेत वाळूचे तीन-चार कण. एक कण रबरात रुतून त्याने खड्डा केला होता. चालू असताना इथून फार बारीक पाझर होत असणार. तो फिल्टरच्या अंगावरून खाली उतरत असल्यामुळे वरून बघताना कधी दिसला नाही.

ओ-रिंग बदलली. खाच कापसाच्या बोळ्याने पुसली, नव्या रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. इथे पेट्रोलियम जेली वापरू नये. काही प्रकारचे रबर तिने फुगते आणि सैल पडते. सिलिकॉन ग्रीस रबराला आणि माशांना दोघांनाही निरुपद्रवी. यापुढे फिल्टर धुताना दर वेळी खाच पुसणे आणि रिंग बोटांत फिरवून पाहणे, हे वहीत लिहिले.

पण पट्टी ७ फिल्टरपासून लांब आहे. ती ओली का झाली याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

१० जानेवारी

फिल्टर पूर्ण बाजूला काढून चाचणी पुन्हा करणार. त्यातला मीडिया (पाणी शुद्ध करणारे जिवाणू ज्यावर वाढतात तो भराव) टाकीच्या पाण्याच्या टबात, एअर स्टोन लावून ठेवला, म्हणजे त्यातले जिवाणू जगतील. टाकीत तोवर स्पंज फिल्टर, बुडबुडे अगदी मंद. बुडबुड्यांनी टाकीचा पृष्ठभाग हलतो आणि भांड्यातला हलत नाही, त्यामुळे टाकीतून थोडे जास्त पाणी उडेल आणि गळती आहे त्यापेक्षा मोठी दिसेल. ही चूक पूर्ण टाळता येत नाही, कमी करता येते. मिमीच्या पट्टीवर माझे वाचनही अर्ध्या मिमीने इकडेतिकडे होते. म्हणून या वेळी चार दिवस.

१४ जानेवारी

चार दिवसांत टाकी १४ मिमी, भांडे १२ मिमी. फरक २ मिमी. सुमारे ७७० मिली, दिवसाला १९० च्या आसपास. पट्टी ७ रोज ओली. इतर अकरा कोरड्या.

म्हणजे गळत्या दोन होत्या. ओ-रिंग बदलून मी थांबले असते तर डाग लहान झाला असता आणि मी निर्धास्त झाले असते.

१७ जानेवारी

सांध्यात छिद्र नेमके कुठे आहे हे शोधायचे. डोळ्यांना काही दिसत नाही. बॅटरीच्या उजेडात मागच्या डाव्या उभ्या सांध्यात दोन-तीन ठिकाणी रुपेरी चकाकी दिसते, म्हणजे तिथे काच आणि सिलिकॉन यांच्यात हवा आहे. पण तशा चकाकीचे पुंजके उजव्या सांध्यातही आहेत आणि तो कोरडा आहे.

पाण्याची पातळी टप्प्याटप्प्याने उतरवत जायची. पातळी छिद्राखाली गेली की गळती थांबते. मासे सकाळीच मोठ्या टबात हलवले, त्यांच्याच पाण्यात, स्पंज फिल्टर आणि झाकणासकट (टेट्रा उड्या मारतात). हीटर आधी बंद केला, अर्धा तास थांबून मग बाहेर काढला. गरम हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर तडकतो.

प्रत्येक पातळीला कोपरा पूर्ण पुसून नवी पट्टी लावली आणि रेघ पसरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहिले.

४२ सेंमीला ४० मिनिटे. ३० सेंमीला १ तास. २० सेंमीला पावणेदोन तास. १० सेंमीला सहा तास, तोवर मध्यरात्र झाली.

१९ जानेवारी

५ सेंमीला दोन दिवस झाले, पट्टी ठणठणीत कोरडी. म्हणजे तळाचा सांधा शाबूत आहे. छिद्र ५ आणि १० सेंमीच्या मध्ये, उभ्या सांध्यात. पाणी तिथून निघून सांध्याच्या आतूनच खाली उतरते आणि तळाशी प्रकट होते. पट्टी ७ पाहून मी तळाच्या सांध्यावर काम केले असते तर ते सगळे वाया गेले असते.

काल रात्री झोप येईना म्हणून वेळांकडे पुन्हा पाहिले. बारीक छिद्रातून पाणी ढकलते ती त्याच्यावर उभ्या असलेल्या पाण्याची उंची. छिद्र उ सेंमीवर असेल तर ४२ सेंमीला ढकलणारी उंची (४२ − उ), ३० सेंमीला (३० − उ). वेळ ४० मिनिटांवरून ६० झाली, म्हणजे प्रवाह दीडपट कमी झाला. ४२ − उ = १.५ × (३० − उ). यातून उ = ६. पडताळा घेतला: २० सेंमीला १४ सेंमी उंची उरते, त्यावरून १०३ मिनिटे यायला हवीत, माझी १०५ होती. १० सेंमीला चार सेंमी उरते, सहा तास. तंतोतंत.

सकाळी भिंग घेऊन तळापासून ६ सेंमीवर पाहिले. आतल्या सिलिकॉनच्या पट्ट्यावर केसाएवढी आडवी चीर. ब्लेडची. कोपऱ्यातले शेवाळ खरवडताना माझ्याच हातून ती पडली. ब्लेड कोपऱ्यापर्यंत नेले की सिलिकॉन कापले जाणारच. चिरेच्या मागेच रुपेरी पुंजक्यांपैकी एक आहे. आतला पट्टा कापला गेला आणि मागे सांध्यात पोकळी होती, म्हणून पाण्याला वाट सापडली. उजवीकडे पोकळी आहे पण पट्टा अखंड आहे, म्हणून तिथे काही होत नाही.

बाबांना दाखवले. ते म्हणाले, “अगं, चिरेपुरतं सिलिकॉन लाव ना, सगळं कशाला काढतेस?” विचारणे रास्त होते. त्यांना सांगितले ते इथेही लिहिते: ताजे सिलिकॉन काचेला घट्ट धरते, पण वाळलेल्या जुन्या सिलिकॉनला नीट धरत नाही. ठिगळ वरवर बसते आणि काही महिन्यांनी कडेने सुटते. बाहेरून लावलेल्या ठिगळाचे तर आणखी वाईट, कारण पाणी त्याला काचेपासून दूर ढकलते. आतून लावलेल्या पट्ट्याला तेच पाणी काचेवर दाबते. आतला पट्टा सगळ्या सांध्यांवरचा काढून एकसंध नवा घालायचा. काचा एकमेकींना धरून ठेवणारे मधले सिलिकॉन मात्र तसेच राहू द्यायचे. ते चिवट आहे, काचा हलत नाहीत.

२० जानेवारी

टाकी रिकामी करून दोघांनी खाली जमिनीवर जाड कापडावर ठेवली. पूर्ण दिवस खरवडण्यात गेला. ब्लेड काचेला सपाट धरून एका बाजूने कापायचे, मग दुसऱ्या बाजूने, आणि पट्टा ओढून काढायचा. लांब पट्टे सहज निघतात. खरा वेळ खाते ती मागे उरणारी पातळ साय: दिसत नाही, बोटाला किंचित चिकट लागते. तीवर नवे सिलिकॉन बसणार नाही. नवे ब्लेड घेऊन सगळ्या कडा तीनदा केल्या. ब्लेडचे टोक काचांमधल्या फटीत शिरू देऊ नये, तिथले सिलिकॉन टाकी उभी ठेवते.

शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. पांढऱ्या कापडावर काहीही येईनासे होईपर्यंत.

टबातल्या माशांचा अमोनिया तपासला, किंचित रंग आला. एक तृतीयांश पाणी बदलले, क्लोरीन काढून. फिल्टरचा मीडिया टबातच जोडला.

२१ जानेवारी

सिलिकॉन घेताना वेष्टण शब्दन् शब्द वाचावे. बुरशीरोधक असे लिहिलेले बाथरूमचे सिलिकॉन घ्यायचे नाही. त्यातले बुरशीनाशक माशांना घातक ठरू शकते. शंभर टक्के सिलिकॉन, मत्स्यालयासाठी सुरक्षित असे स्पष्ट लिहिलेले. माझे व्हिनेगरच्या वासाचे आहे, वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडणारे.

सांध्याच्या दोन्ही बाजूंना ७ मिमी सोडून मास्किंग टेप. उभे चार सांधे आधी, मग तळाचे चार, न थांबता, म्हणजे कोपऱ्यात सगळे ओल्याला ओले मिळते. नळीचे तोंड पुढे ढकलत नेले, की सिलिकॉन फटीत दाबले जाते. मागे ओढले तर खाली हवा राहते. हातमोजा घातलेल्या बोटाने एकाच फटकाऱ्यात गुळगुळीत. साय धरायला पाच-सात मिनिटे लागतात, त्याआधी टेप काढायचा. तळाच्या समोरच्या सांध्यावर मला उशीर झाला आणि टेपबरोबर पट्ट्याची कड उचलली गेली. तो सांधा पूर्ण पुसून पुन्हा घातला.

त्याच वेळी एका काचेच्या तुकड्यावर तितक्याच जाडीचा गोळा लावून ठेवला. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत वाळत जाते, दिवसाला साधारण २ ते ३ मिमी. वरून कोरडे लागले म्हणून आत कोरडे असतेच असे नाही. गोळा कापून बघितला की खरे कळते, टाकीला हात लावावा लागत नाही.

२८ जानेवारी

सात दिवस झाले. गोळा मधोमध कापला: आतपर्यंत एकजीव, चिकटपणा नाही, वास नाही. टाकीतही वास नाही.

पाणी भरण्याची चाचणी. टाकी जमिनीवर, थर्माकोलवर, खाली आणि सभोवती कोरडे वर्तमानपत्र. आज ११ सेंमी. उद्या २२, परवा ३२, मग ४२. प्रत्येक टप्प्याला एक दिवस, म्हणजे काही सुटलेच तर थोडे पाणी असतानाच सुटेल.

२ फेब्रुवारी

४२ सेंमीला दोन दिवस पूर्ण. वर्तमानपत्र कोरडे, बाराच्या बारा पट्ट्यांच्या रेघा धारदार. आज खूप हलके वाटले.

३ फेब्रुवारी

टाकी परत ठेवण्यापूर्वी स्टँड. बाबांची जुनी पाणसळ लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर धरली. लांबीला ठीक. एका कर्णावर बुडबुडा सरकतो: डावा मागचा पाय ३ मिमी खाली, नेमका जिथे प्लाय भिजून फुगला आणि मग दबला. टाकी नुसती कलली तर पाणी एका बाजूला थोडे उंच दिसते, इतकेच. पिळली गेली तर सांध्यांना कायमचा ताण बसतो. चार पायांपैकी एक खाली असणे म्हणजे पीळ. भिजलेली फळी बदलली, कडांना वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात, पायाखाली पक्की पाचर. थर्माकोल नवा, १० मिमी, एकच अखंड तुकडा. (चौकटीवर उभ्या असलेल्या टाक्यांना, ज्यांचा तळ वर उचललेला असतो, थर्माकोल घालू नये. तो मधल्या काचेला खालून रेटतो.)

मागच्या कडेला पीव्हीसीची एल-पट्टी सिलिकॉनने लावली, डावीकडे उतार. तिथून बारीक नळी कॅबिनेटमधल्या ट्रेमध्ये. यापुढे मागच्या सांध्यातून काही निघाले तर ते प्लायमध्ये न मुरता ट्रेमध्ये येईल. ट्रे ८५ × ४० सेंमी, कड ४ सेंमी: १३.६ लिटर मावतात. हा आकडा पुढे लागणार आहे.

५ फेब्रुवारी

मासे घरी. सगळे एकोणीस.

९ फेब्रुवारी

सेन्सर. ट्रेच्या कोपऱ्यात स्टीलच्या दोन तारा, एकमेकींपासून ५ मिमीवर. मध्ये पाणी आले की वीज वाहते, ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर) ते वाचतो. तारांना सतत वीज दिली तर विद्युत-विघटनाने त्या काही आठवड्यांत गंजतात, म्हणून दर दहा सेकंदांनी फक्त वाचनापुरती वीज सोडते, एकदा सुलट एकदा उलट. तांब्याच्या तारा वापरल्या नाहीत. हिरव्या पडतात, आणि चुकून टाकीत गेल्या तर तांबे कोळंब्यांना आणि गोगलगायींना मारते.

आधी बझर, मग फोनवर संदेश. क्रम मुद्दाम असा. वायफाय गेले तरी बझर वाजला पाहिजे, वीज गेली तरीही, म्हणून बॅटरी. आरओचे किंवा डिस्टिल्ड पाणी वीज फार कमी वाहते, ते वापरणाऱ्यांनी आपल्याच पाण्यावर तपासून मर्यादा ठरवावी.

१३ फेब्रुवारी

पहाटे सव्वातीनला बझर. बाबा आधी पोचले. ट्रे कोरडा. तारा जिथे ट्रेला टेकतात तिथे दवाचा पातळ पापुद्रा. रात्री खोली गार झाली, आणि कॅबिनेटमधली हवा टाकीमुळे दमट.

खोटा इशारा ही किरकोळ गोष्ट नाही. तीनदा असे झाले की चौथ्यांदा कोणी उठत नाही.

१६ फेब्रुवारी

तारा ट्रेपासून २ मिमी उचलल्या, म्हणजे दव त्यांना जोडणार नाही. पण सपाट ट्रेमध्ये २ मिमी पाणी साचायला ६८० मिली लागतात, तोवर रात्र निघून जाईल. म्हणून ट्रेच्या समोरच्या दोन्ही पायांखाली ५ मिमीच्या पट्ट्या आणि उजव्या बाजूला आणखी थोडी उंची. सगळे पाणी एका कोपऱ्यात गोळा होते. सिरिंजने मिली-मिली सोडून पाहिले. पाच वेळा केले: २६ ते ३१ मिलीला बझर वाजतो. शिवाय सलग तीन वाचने ओली आली तरच वाजायचे असे ठरवले.

२२ फेब्रुवारी

होज निसटला तर काय, हे मुद्दाम करून पाहिले. यादीतली सर्वांत मोठी भीती हीच आहे. सांध्याची गळती दिवसाला पेलाभर असते, निसटलेला होज काही मिनिटांत टाकी रिकामी करतो. आणि पंप बंद करून उपयोग नाही, सायफन (भरलेल्या नळीतून पाणी आपोआप खाली ओढले जाणे) वीज मागत नाही.

पाणी ओढणाऱ्या पाइपचे तोंड वाळूपासून ५ सेंमीवर आहे. तिथपर्यंत पाणी गेले तर शंभर लिटरच्या वर. पाइपला पृष्ठभागाखाली ३ सेंमीवर २ मिमीचे छिद्र पाडले: पातळी तिथे उतरली की हवा शिरेल आणि सायफन तुटेल अशी अपेक्षा. होज काढून बादलीत सोडला. पातळी छिद्राखाली गेली, हवा शिरू लागली, पण बुडबुडे धारेबरोबर वाहत गेले आणि सायफन चालूच. हाताने बंद केला.

छिद्र ५ मिमी केले, समोरासमोर दोन. या वेळी घुळघुळ आवाज झाला आणि धार तुटली, पातळी ३.४ सेंमी उतरल्यावर. १३ लिटर. ट्रेमध्ये १३.६ मावतात हे खरे, पण ट्रे तिरका केल्यापासून तेवढे मावत नाहीत. पाइप १ सेंमी वर सरकवला. पुन्हा चाचणी: २.४ सेंमी, सव्वानऊ लिटर. ट्रेमध्ये राहिले.

याची किंमत एक आहे. पाणी दोन सेंमी खाली गेले की फिल्टर हवा ओढू लागेल. दिवसाला ३ मिमी धरले तर सहा-सात दिवस. म्हणजे आठवड्याहून जास्त घर बंद ठेवायचे असेल तर काच झाकून जायचे.

परत येणाऱ्या पाण्याची स्प्रे-बार (छिद्रे असलेली आडवी नळी) पृष्ठभागाच्या लगेच खाली आणली, त्या बाजूने सायफन झालाच तर एका सेंमीत तुटेल.

१ मार्च

एअर पंप टाकीच्या खाली ठेवलेला आहे. वीज गेली की पाणी नळीतून उलटे उतरू शकते, म्हणून एकदिशा व्हॉल्व्ह. तिन्ही काढून तोंडाने फुंकून पाहिले: एकातून दोन्हीकडून हवा जाते. आत क्षार साचून पडदा उघडाच राहिला होता. बदलला. दर तीन महिन्यांनी फुंकून पाहायचे.

पाणी आपोआप भरणारी यंत्रणा बसवावी का, यावर आठवडाभर विचार केला आणि नको ठरवले. ती पातळी कायम ठेवते, म्हणजे गळती झाली तरी टाकी भरलेलीच दिसते आणि जमिनीवर पाणी येत राहते. कधी बसवलीच तर नळाला न जोडता पाच लिटरच्या कॅनला, आणि कॅन किती दिवसांत रिकामा होतो हे वहीत.

१८ मार्च

रात्री साडेअकराला बझर. ट्रेच्या कोपऱ्यात पाणी, सिरिंजने ओढले तर ३४ मिली. फिल्टरखालची पट्टी ३ पसरलेली, ७ कोरडी. संध्याकाळी फिल्टर धुतला होता. होजचा क्लॅम्प अर्धा फेरा सैल राहिला होता. आवळला, पुसले, नवी पट्टी. पाच मिनिटांचे काम. जानेवारीत हेच पाणी प्लायमध्ये गेले असते.

धुण्याच्या यादीत ओळ वाढवली: क्लॅम्प, मग दहा मिनिटे पंप चालू ठेवून झाकणावर कोरडे बोट.

२२ मार्च

चार दिवसांची भांड्याची चाचणी पुन्हा. टाकी १२ मिमी, भांडे १२ मिमी. वहीतला रकाना: गेल्या चार आठवड्यांत आठवड्याला ८.२, ८.०, ८.३, ८.१ लिटर.

शेवाळ काढायला आता स्पंज, कोपऱ्यात ब्लेड नाही. पट्टी ७ जुनी झाल्यामुळे बदलली, नवी रेघ निळ्या शाईने. पुढची भांड्याची चाचणी २२ जूनला.